टाकीच्या तोंडाशी

"गावंडे भाऊ, सकाळी काय खाऊन आलते?"

"भाकर."

"कायच्या संग?"

"अंबाडीच्या भाजीसंग."

"मीठ बराबर होतं का तिच्यात?"

टाकीच्या आतून उत्तर आलं नाही. नुसता हवेचा सूं सूं आवाज येत राहिला. सुंदराबाईनं गुडघ्यावरचा हात उचलला आणि शेजारच्या खांबावरच्या लाल खटक्यापाशी नेला.

"भाऊ! मीठ म्हनलं मी!"

"कमी होतं व, कमी होतं," आतून घुमल्यासारखा आवाज आला. "कोपऱ्यावर सांधा आलता. हात सोडता येत नव्हता."

"हात नका सोडू. तोंड सोडत जा." सुंदराबाईनं खटक्यावरचा हात पुन्हा गुडघ्यावर आणला.

अकोल्याच्या मालधक्क्यापलीकडे ओमप्रकाश शेठची सरकीच्या तेलाची गिरणी होती. तिच्या मागच्या अंगाला, तेल साफ करायच्या खात्यात, तेजाबाची ही मोठी लोखंडी टाकी उभी होती. दीड पुरुष उंच, वरून बंद, आणि वर माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. तेजाबानं लोखंड खाऊन टाकू नये म्हणून टाकीला आतून सगळीकडे प्लास्टिकचे जाड पत्रे लावलेले. पत्र्याला पत्रा जोडायचा तो गरम हवेनं, आणि ती गरम हवा मारायचं हत्यार सबंध गिरणीत एकाच माणसाच्या हातात होतं. तो माणूस म्हणजे चंद्रभान गावंडे.

चंद्रभान दर्यापूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या गावचा. थोरल्या दोघा भावांनी वावर धरलं आणि हा सोळाव्या वर्षी अकोल्याला जिनिंगमध्ये लागला. तिथून शेठच्या गिरणीत आला. टाक्यांना आतून शिशाचे पत्रे असायचे त्या काळात पंधरा वर्षं त्यानं ज्वाळेवर शिसं जोडलं. हात शांत, नजर बारीक आणि बोलणं जवळजवळ नाहीच. त्याची बायको कौशल्या शेजारणींना सांगायची, "आमच्या घरी दोन खांब हायेत. एक छपराचा अन् एक हा."

बासष्ट साली शिशाऐवजी प्लास्टिक आलं आणि त्याच्यासोबत मुंबईहून एका लाकडी पेटीत ते हत्यार आलं. दिसायला पिस्तुलासारखं. मुठीतून कॉम्प्रेसरची हवा आत शिरायची, मधल्या तापलेल्या कॉइलवरून जायची आणि पुढच्या बारक्या नळीतून बाहेर पडायची. ज्वाळा नाही, ठिणगी नाही, डोळ्यांना काही दिसायचंच नाही, पण समोर ज्वारीचं कोवळं कणीस धरलं तर हुरडा होईल एवढी आच. गिरणीत सगळे त्याला बंदूकच म्हणू लागले. त्या दिवशी चंद्रभाननं घरी जेवताना सांगितलं, "मले आज बंदूक भेटली." कौशल्याच्या हातातली भाकर तव्यावरच राहिली. "गिरनीत बंदूक कायले पायजे? दरोडा पडून रायला का?" तो हसला आणि जेवत राहिला. पुढचं तिला आठ दिवसांनी शेजारणीकडून कळलं.

शिकवायला मुंबईहून एक म्हातारा पारशी आला होता. तीन दिवस राहिला. पहिल्याच दिवशी चंद्रभाननं सवयीनं नळी बोटांनी चाचपायला हात पुढे केला आणि मनगटावर फोड आला. पारशी रागावला नाही. त्यानं फोडावर गार पाणी धरायला लावलं आणि मोडक्या हिंदी-मराठीत म्हणाला, "आग दिसते, म्हणून माणूस डरते. ये नहीं दिसता. इसलिए इससे जादा डरो." मग त्यानं एकच गोष्ट तीन दिवस घोकून घेतली. चालू करताना आधी हवा, मग गरमी. बंद करताना आधी गरमी, मग हवा. हवा नसताना कॉइल तापली की गेली.

चंद्रभाननं ते मनात असं ठेवलं, की त्याच्या रोजच्या वागण्याचाच तो भाग झाला. सकाळी आल्याबरोबर कॉम्प्रेसरच्या तळाची तोटी उघडून रात्रीचं साचलेलं पाणी आणि तेल काढून टाकायचं, कारण ओली हवा सांधाही बिघडवते आणि कॉइलही. वायर बोटांखालून घेऊन कुठं सोलली आहे का ते पाहायचं. काम झालं की गरमी बंद करून पाच मिनिटं नुसती गार हवा वाहू द्यायची. तेवढा वेळ बंदूक नळी वर करून लाकडी घोडीवर टांगलेली असायची आणि तो शेजारी उकिडवा बसून राहायचा. इतर माणसं तेवढ्यात चहा पिऊन यायची. तो बसूनच राहायचा.

सुंदराबाई त्याच्या कामात आली ती दुसऱ्या वर्षी. तेव्हा ती गोदामात सरकीची पोती शिवायची आणि आवार झाडायची. चाळीशी ओलांडलेली, विधवा, हाताला जड आणि आवाजाला त्याहून. त्या दिवशी चंद्रभान एकटाच टाकीत उतरला होता. एका कोपऱ्यात त्याच्या हातून पत्रा जरा जास्त तापला, तपकिरी पडला आणि त्याचा तो नाकात शिरणारा आंबट धूर टाकीत कोंडला. त्याला कळेना की आपल्याला शिडी का सापडत नाही. कसाबसा वर आला आणि सरकीच्या टरफलांच्या ढिगावर पडला. सुंदराबाईनं झाडू टाकला, त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि तो डोळे उघडेपर्यंत त्याला शिव्या दिल्या.

"आत मेले असते तर कोनाले समजलं असतं? संध्याकाळी हजेरी घेतानी?"

दुसऱ्या दिवशी चंद्रभान त्या वेळच्या मॅनेजरपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, "टाकीच्या तोंडाशी मानूस पायजे. अन् धूर वढून घ्यायले पंखा पायजे." मॅनेजरनं विचारलं, "माणूस कोणता?" "ते झाडनारी बाई." मॅनेजर हसला, पण पत्रे जोडणारा एकुलता एक माणूस गमावण्यापेक्षा बाई स्वस्त पडते हे त्याला कळत होतं. सुंदराबाई टाकीच्या तोंडाशी फळीवर बसू लागली. लाल खटका दाबला की बंदुकीची गरमी बंद होते एवढं चंद्रभाननं तिला दाखवलं. हवेची तोटी आत, त्याच्या हाताशी. बाकीचं तिनं स्वतःच ठरवलं. ती प्रश्न विचारायची.

ते प्रश्न असे होते. तुमच्या मायचं माहेर कोनतं? लग्नात वरात बैलगाडीतून निघालती का पायी? थोरल्या भावाची म्हैस कोन्या रंगाची? शिंगं कशी? मुक्या माणसाला तीन वर्षं असे प्रश्न विचारले म्हणजे काय होतं? सुंदराबाईला चंद्रभानचं सगळं आयुष्य तोंडपाठ झालं होतं. कौशल्यालाही माहीत नसलेल्या गोष्टी तिला माहीत होत्या. त्याला पहिल्यांदा शाळेत मारलं ते कशासाठी. जिनिंगमध्ये पहिल्या दिवशी तो रडला होता ते. आणि गंमत म्हणजे चंद्रभानला ते आवडू लागलं होतं. टाकीतल्या अंधारात, ट्रकच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या दिव्यात, डाव्या हातानं प्लास्टिकची काडी सांध्यावर दाबत आणि उजव्या हातानं बंदूक पंख्यासारखी हलवत तो बोलत असायचा. पत्रा आणि काडी दोन्ही ओल्या मेणासारखी चमकली की समजायचं, धरलं. सांधा मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ पुढं सरकायचा.

तर सहासष्टच्या जानेवारीतली ही सकाळ. टाकीच्या बुडातला एक सांधा पाझरू लागला होता. तेजाब काढून, सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुऊन, एक दिवस तोंड उघडं ठेवून टाकी दुरुस्तीला दिली होती. परवा मालगाडीनं तेजाबाची वाघीण यायची होती. टाकी तयार नसली तर साफ करायचं खातं बंद, आणि त्यातली चाळीस माणसं घरी.

मीठ कमी असल्याचं कळल्यावर सुंदराबाई पुढचा प्रश्न जुळवत होती, तेवढ्यात खालून हाक आली.

"ओ बाई! खाली या. गोदामात जा. तिथं पोती शिवायला माणसं कमी आहेत."

हाक मारणारे रविकांत डबीर होते. अमरावतीचे, राजापेठेतल्या वकिलांचे चिरंजीव, सव्वीस वर्षांचे, नुकतेच इंजिनिअर होऊन दीड महिन्यापूर्वी गिरणीत आलेले. माणूस वाईट नव्हता. कोणावर ओरडायचा नाही. पण त्याला सगळं लवकर हवं असायचं, आणि बसलेला माणूस दिसला की त्याच्या जिवाला लागायचं.

"सायेब, गावंडे भाऊ आत हायेत."

"ते त्यांचं काम करताहेत. तुम्ही काय करताय? मी दोन दिवस पाहतोय. नुसत्या गप्पा."

सुंदराबाई उठली नाही. तिनं तोंड टाकीत घातलं. "भाऊ, मले सायेब बोलावून रायले. तुमी वर या अगोदर."

"सांधा अर्धा हाय."

"राहू द्या अर्धा. वर या."

चंद्रभान वर आला. त्यानं सुंदराबाईला खटका दाबायला सांगितला, बंदूक घोडीला टांगली आणि गार हवा चालू ठेवून शिडीवरूनच डबीरसाहेबांकडं पाहिलं. सुंदराबाई गोदामाकडं गेली. चंद्रभान खाली उतरला आणि उकिडवा बसला.

"गावंडे, तुम्ही का आलात?"

"तोंडाशी कोनी नाई, सायेब."

"अहो, पंखा आहे ना. धूर ओढतोय ना तो."

"पंखा वढते. पंख्याले समजत नाई, मानूस पडला का उभा हाय."

"म्हणजे तुम्ही काम करणार नाही?"

"करीन. बाई आली का करीन."

डबीरसाहेबांचे कान लाल झाले. दीड महिन्यात त्यांना कोणी असं शांतपणे नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "त्यात एवढं काय आहे ते मीच पाहतो. कॉलेजात आम्ही सगळ्या प्रकारचं वेल्डिंग केलंय. द्या ती बंदूक."

चंद्रभान गडबडला. साहेबाला नाही कसं म्हणायचं, आणि हो तरी कसं म्हणायचं? शेवटी तो म्हणाला, "उतरा. पन मी तोंडाशी बसतो. अन् मी इचारीन त्याले उत्तर द्या लागन. नाई दिलं तर मी गरमी बंद करीन."

"बरं बरं."

"नळीले हात लावू नका. पत्र्याले टेकवू नका. तपकिरी झाला का थांबा. अन् बंद करतानी—"

"आधी हीटर, मग हवा. माहिती आहे हो. पुस्तकात आहे."

साहेब आत उतरले. चंद्रभान सुंदराबाईच्या फळीवर बसला, आणि तोंड उघडून बघतो तर त्याला प्रश्नच सुचेना. सुंदराबाईला ते इतकं सहज यायचं की ते अवघड असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"सायेब, तुमच्या घरी आंब्याचं झाड हाय का?"

"आंब्याचं? नाही. पेरूचं आहे."

"पेरू आतून लाल का पांढरा?"

"पांढरा. गावंडे, हे चिकटत नाहीये."

"हात हलवत ऱ्हा. एका जागी धरू नका. झाड कोनं लावलं?"

"आजोबांनी." मग खोकला. "हे... जरा..." वास वर आला. चंद्रभाननं तो वास ओळखला.

"सायेब, आजोबाचं नाव काय?"

"हं."

"नाव म्हनलं मी, नाव!"

"हं... आहे..."

"वर या! सोडा ते! वर या!"

आत धडपड झाली. साहेबांनी घाबरून हाताशी आलं ते बंद केलं, आणि ती हवेची तोटी होती. सूं सूं आवाज थांबला. चंद्रभाननं ती शांतता ऐकली आणि त्याला कळलं. खटका त्याच्या उजव्या हातापासून वीतभर होता. पण त्याच वेळी शिडीवर साहेबांचे दोन हात दिसले, एक हात चुकत चुकत पायरी शोधत होता, आणि चंद्रभाननं दोन्ही हात टाकीत घालून ते मनगटात धरले. पाय फळीला रोवून ओढलं. साहेब कमरेपर्यंत वर आले तेव्हा खाली, बुडाशी, टिक् असा बारीक आवाज झाला. खटका त्यानं त्यानंतर दाबला.

साहेब बराच वेळ खाली मोकळ्या हवेत बसून खोकत होते. चंद्रभाननं त्यांना तोंड धुवायला लावलं, डोळ्यांवर पाणी मारायला लावलं, गिरणीच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. डॉक्टरांनी तपासून, आज धावपळ नको, एवढंच सांगितलं. टाकीतली हवा पुरती बदलेपर्यंत पंखा चालू ठेवून मग चंद्रभाननं दोरानं बंदूक वर काढली. ती त्यानं मांडीवर घेतली, उघडली. आतली कॉइल मधोमध तुटली होती.

शेठ आले. पांढरं धोतर, डोक्यावर काळी टोपी, हातात काठी. त्यांनी मांडीवरची बंदूक पाहिली आणि काय झालं ते विचारायची गरज पडली नाही.

"हवा किसने बंद की?"

चंद्रभान कॉइलकडं पाहत होता. काही सांगावं की नाही हे त्याचं ठरलं नव्हतं. तेवढ्यात डबीरसाहेब उभे राहिले. डोळे अजून लाल होते.

"मी केली, शेठजी. बाईलाही मीच पाठवलं. गावंडेंनी नको म्हटलं होतं."

शेठनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "हाथ-पाँव सलामत है ना?" "आहेत." "तो फिर ठीक है." मग चंद्रभानकडं वळून, "अब क्या करायचं, गावंडे?"

"मुंबईले तार केली तर कॉइल आठ दिवसानं येईन. पन तार भेटली तर मी गुंडाळून पाह्यतो. अकोल्यात भेटते ते चुलीच्या हीटरची. लय जाड. बारीक पायजे."

"अमरावतीला मिळेल," डबीरसाहेब म्हणाले. "आमच्या घराजवळ एक जण इस्त्र्या दुरुस्त करतो. त्याच्याकडं सगळ्या जाडीच्या असतात. मी जातो."

"डॉक्टरांनी धावपळ नको म्हनलं," चंद्रभान म्हणाला.

"मोटारीत बसायचंच तर आहे."

ते दुपारच्या मोटारीनं गेले. नमुन्याला जुन्या कॉइलचा एक तुकडा चंद्रभाननं त्यांना कागदात बांधून दिला. आणि जाताना साहेब स्वतः गोदामाच्या दारात थांबले. "सुंदराबाई, उद्या सकाळी टाकीवर या. मी सांगितलंय गोदामात." बाईनं दाताखालचा सुतळीचा तुकडा काढून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं साहेब तार घेऊन हजर. मुकादमाच्या टेबलावर चंद्रभाननं स्वच्छ फडकं अंथरलं. जुन्या कॉइलचे वेढे त्यानं आदल्या दिवशीच मोजून ठेवले होते. एकशेबारा. आता नवी तार एका सळईवर तेवढेच वेढे, एकसारखे, एकमेकांना न टेकता गुंडाळायचे, आणि मग ती चिनी मातीच्या गाभ्यावर बसवायची. सुंदराबाईला विसापर्यंतच मोजता यायचं. तिनं दर विसाला एक सरकी बाजूला ठेवायची तोड काढली. साहेब शेजारच्या स्टुलावर बसून पाहत होते. बसले होते, आणि त्यांच्या जिवाला लागत नव्हतं.

तिसरी सरकी पडल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, एक सांगा. तुम्ही भाजीत मीठ किती, म्हैस कुठल्या रंगाची, असलं का विचारता? नुसतं 'ठीक आहे का' म्हटलं तर चालत नाही?"

सुंदराबाईनं वेढा मोजून संपवला. "आमच्या घरच्याले ताप आलता. पाच-सा दिवस. मी भायेर चुलीपाशी भाकरी टाकत होती. तिथूनच इचारलं, बरं वाटते का? ते म्हने, हं. मी दुसरी भाकर टाकली. इचारलं, पानी पायजे का? ते म्हने, हं. तिसऱ्यांदा इचारलं तवाबी हं म्हनले." तिनं चौथी सरकी ठेवली. "हं मानूस कसाबी म्हनते, सायेब. झोपीत म्हनते, मरतानीबी म्हनते. तवापासून मी असं इचारतच नाई कोनाले."

चंद्रभानचा हात थांबला नव्हता, पण सावकाश झाला होता. तीन वर्षं तिनं त्याला शेकडो प्रश्न विचारले. त्यानं तिला एकही विचारला नव्हता, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"नाव काय होतं त्यायचं?" त्यानं खाली मान घालूनच विचारलं.

"बळीराम."

"काय करत?"

"पखवाज वाजवत. वावर करत, पन मनातून पखवाजवालेच." ती हसली. "मोजा आता. माह्यं चुकन."

पाच सरक्या आणि वर बारा वेढे. कॉइल बसली. वायर पुन्हा एकदा बोटांखालून गेली, अर्थिंगचा स्क्रू आवळला गेला. आधी हवा. सूं सूं. मग गरमी. पाच मिनिटांनी चंद्रभाननं नळीपुढं बोटभर अंतरावर वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद पिवळसर झाला, मग बिस्किटासारखा, आणि पेटला नाही. त्यानं मान हलवली. ती पाहून डबीरसाहेब उगाचच उभे राहिले, एखाद्या परीक्षेचा निकाल ऐकल्यासारखे.

साहेबांनी जाळलेला तपकिरी तुकडा चंद्रभाननं धारदार पातीनं खरवडून काढला, कडा तासल्या, पुसल्या, आणि नवी काडी बसवत दुपारपर्यंत सांधा पुरा केला. वर सुंदराबाई होती. पण त्या दिवशी आतून आवाज जास्त येत होता. पखवाजाला पीठ कशाचं लावतात? कनकेचं. रोज लावायचं का? बळीराम गावोगाव जात का? परत येताना काही आणत का? शेवटी सुंदराबाई वैतागली. "भाऊ, टाकीत तुमी हा का मी?"

टाकी पाण्यानं भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ, साहेब, चंद्रभान आणि सुंदराबाई असे चौघे वाकून बुडाखाली पाहत होते. चंद्रभाननं कोरडा टीपकागद सांध्याखालून ओढून काढला. कागद कोरडा होता. दहा वाजता वाघीण सायडिंगला लागली.

पुढच्या महिन्यात डबीरसाहेबांनी एक वही घेतली आणि चंद्रभानपुढं बसले. "सांगा, गावंडे. तुम्ही काय काय करता ते सगळं सांगा." चंद्रभानला ते सांगायला दोन दिवस लागले, कारण तो जे करायचा ते त्याला काही विशेष वाटतच नव्हतं. साहेबांनी त्यातून नऊ ओळी काढल्या आणि टिळक रोडच्या पेंटरकडून टाकीसमोरच्या भिंतीवर काळ्या रंगात लिहून घेतल्या. हवेतलं पाणी काढण्याची ओळ होती, आधी हवा मग गरमीची होती, पत्रा तपकिरी करू नये हीही होती. सुंदराबाईनं कमरेवर हात ठेवून सगळी भिंत पाहिली.

"याच्यात माह्यं कुठी हाय?"

साहेबांनी सहाव्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. "टाकीत उतरलेल्या माणसाशी बाहेरच्या माणसाने सतत बोलत राहावे. हो किंवा नाही असे उत्तर येईल असा प्रश्न विचारू नये."

"एवढी मोठी लिवली?"

"एवढीच आहे."

ती फळीवर चढून बसली. पण तेलाच्या गिरणीत सरकीचं बारीक तूस सगळीकडं उडतं, आठ दिवसांत भिंत पांढरी होऊन जाते. भिंत तशी पांढरी झाली, अक्षरं पुसट झाली, आणि एक दिवस चंद्रभानच्या लक्षात आलं की आठ ओळी तुसाखाली आहेत आणि सहावी तेवढी रोज सकाळी काळीभोर, स्वच्छ असते. तो ते पाहायचा आणि कॉम्प्रेसरचं पाणी काढायला जायचा.

एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर सुंदराबाई गिरणी सोडून गेली. तिची मुलगी सेमाडोहला दिली होती, जावई जंगल खात्यात होता, मुलीचं तिसरं बाळंतपण होतं आणि आता तिकडंच राहा म्हणत होते. जाण्याच्या दिवशी कौशल्यानं तिला घरी जेवायला बोलावलं. अंबाडीची भाजी केली होती. दोघी बायका चंद्रभानबद्दल तो समोर बसलेला असताना तासभर बोलल्या, आणि कौशल्याला स्वतःच्या नवऱ्याच्या पाच-सहा नव्या गोष्टी कळल्या. चंद्रभान जेवत होता आणि मधेमधे हसत होता. मोटार स्टँडवर पोचवायला तोच गेला. गाठोडं टपावर चढवून खाली आला आणि खिडकीशी उभा राहिला.

"तिकडे थंडी लय असते म्हनतात," तो म्हणाला.

"हाव. घोंगडं घेतलं."

मोटार सुटली. त्याला आणखी काही विचारायचं होतं, पण मोटार दिसेनाशी होईपर्यंत तो तिथं नुसता उभा राहिला आणि मग गिरणीकडं चालू लागला.

नंतरच्या सोमवारी टाकीचं काम निघालं. गोदामातून इंदूबाई आली. नवी, लाजाळू, डोक्यावरचा पदर सारखा पुढं ओढणारी. चंद्रभाननं तिला फळी दाखवली, लाल खटका दाखवला. कॉम्प्रेसरच्या तळाचं पाणी काढलं, वायर बोटांखालून घेतली. मग तो भिंतीपाशी गेला. सगळ्या नऊ ओळींवर तूस साचलं होतं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, सहावी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पुसली आणि दुपट्टा झटकला.

"काय पुसून रायले, भाऊ?" फळीवरून इंदूबाईनं विचारलं.

"तुमचं काम," तो म्हणाला आणि शिडीवर पाय ठेवला.